फुटबॉलवीर युसेबियो

२९ मे १९६८ ची रात्र. लंडन शहरातील वेम्बलीचे विशाल क्रीडांगण प्रेक्षकांनी खचाखच भरून गेले होते. युरोपातील सर्वश्रेष्ठ फुटबॉल संघ कोणता, याचा निर्णय त्या रात्री व्हावयाचा होता. एका बाजूस इंग्लंडचा मँचेस्टर युनायटेड हा संघ होता, तर दुसऱ्या बाजूस पोर्तुगालचा बेनफिका. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता आणि सामना संपण्यास अवघी काही मिनिटे उरली होती. इतक्यात बेनफिकाचा एक काळासावळा, भरदार बांध्याचा खेळाडू प्रतिपक्षाची बचावफळी भेदून पुढे निसटला. आता त्याच्यासमोर एकटा गोलरक्षक उरला होता. श्वास रोखून सारे क्रीडांगण पाहू लागले. त्या खेळाडूने सर्व बळ एकवटून चेंडूला लाथ मारली. चेंडू बाणासारखा सुटला. पण गोलरक्षक अ‍ॅलेक्स स्टेपनी याने तो आपल्या छातीशी घट्ट धरून ठेवला!

हातातोंडाशी आलेला घास गेला. अशा वेळी दुसऱ्या एखाद्याने कपाळावर हात मारून घेतला असता, दुसरा एखादा रागाने जमिनीवर पाय आपटता. या खेळाडूने तसे काहीच केले नाही. तो जागच्या जागी थांबला, त्याने गोलरक्षकाकडे पाहिले आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ज्याने आपला विजय हिरावून घेतला, त्याच्याच कौशल्याचे त्याने सर्वांदेखत कौतुक केले.

या खेळाडूचे नाव युसेबियो. जगातील थोर फुटबॉलपटूंमध्ये त्याची गणना होते. त्याने शेकडो गोल केले, अनेक मानसन्मान मिळवले. तरीही त्याची आठवण काढताना लोक या न झालेल्या गोलाची गोष्ट आवर्जून सांगतात. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी आपल्याला त्याचे चरित्र थोडे जवळून पाहिले पाहिजे.

फुटबॉलमध्ये प्रत्येक संघात अकरा खेळाडू असतात. त्यांतील काही जण बचाव करतात, काही जण मधल्या फळीत राहून चेंडू पुढे पोहोचवतात आणि जे सर्वांच्या पुढे असतात, त्यांनी गोल करावयाचा असतो. या पुढच्या गड्यांना आघाडीचे खेळाडू म्हणतात. गोलाचे खांब एकमेकांपासून चोवीस फूट अंतरावर असतात आणि वरची आडवी दांडी आठ फूट उंचीवर असते. दुरून पाहणाऱ्याला हे दार फार मोठे वाटते. परंतु समोरून दोनतीन बचावपटू धावून येत असताना आणि गोलरक्षक हात पसरून पुढे सरसावत असताना हेच दार आघाडीच्या खेळाडूला अगदी अरुंद दिसू लागते. विचार करण्यास त्याला क्षणभराचाच अवधी मिळतो. त्या क्षणात त्याने चुकता कामा नये. इतर दहा जणांच्या श्रमांचे फळ त्याच्या एका फटक्यावर अवलंबून असते. गोल झाला, तर जयजयकार त्याचा होतो आणि गोल हुकला, तर बोलही त्यालाच लागतो. म्हणून आघाडीच्या खेळाडूला पायांतील बळाबरोबर मनाचे बळही लागते.

युसेबियोचा जन्म २५ जानेवारी १९४२ रोजी आफ्रिका खंडातील मोझांबिक या देशात, लोरेंसो मार्किस या शहरी झाला. मोझांबिकवर त्या वेळी पोर्तुगालची सत्ता होती. आपल्या गोव्यावरही याच पोर्तुगालचे राज्य १९६१ च्या डिसेंबरपर्यंत होते. शहराच्या मधोमध राज्यकर्त्यांची सिमेंटची टुमदार घरे होती आणि कडेला आफ्रिकी लोकांच्या गरीब वस्त्या पसरल्या होत्या. अशाच माफालाला नावाच्या वस्तीत युसेबियोचे बालपण गेले. तेथील घरे लाकडाची आणि जस्ताच्या पत्र्याची असत. युसेबियोचे वडील रेल्वेत काम करीत. तो आठ वर्षांचा असताना धनुर्वाताने त्यांचा अंत झाला. मुलांना वाढवण्याचा सारा भार आई एलिसा हिच्यावर येऊन पडला.

वस्तीतील मुलांना फुटबॉलचे विलक्षण वेड होते. परंतु खरा चेंडू विकत घेण्यास पैसे कोठून येणार? मुले जुन्या पायमोज्यात वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून त्याचाच चेंडू करीत आणि मोकळ्या मैदानात अनवाणी खेळत. असा चेंडू नीट उसळत नाही, सरळ घरंगळतही नाही. तो ताब्यात ठेवावयाचा म्हणजे पायाला फार बारकाईने वळण लावावे लागते. अशा रीतीने गरिबीनेच युसेबियोच्या पायांना पहिले धडे दिले. या मुलांनी आपल्या संघाला ‘ब्राझीलवाले’ असे नाव दिले होते. ब्राझीलच्या नामवंत खेळाडूंची नावे ती आपापसांत वाटून घेत आणि त्या नावांनी एकमेकांना हाका मारीत.

थोडा मोठा झाल्यावर युसेबियो शहरातील एका प्रसिद्ध संघाकडे गेला. पण तेथे त्याची निवड झाली नाही. तो निराश होऊन घरी बसला नाही. त्याने दुसऱ्या संघाचे दार ठोठावले. तेथे त्याला प्रवेश मिळाला आणि पाहता पाहता त्याच्या खेळाची कीर्ती समुद्रापलीकडे पोर्तुगालपर्यंत जाऊन पोहोचली. ब्राझीलचा जुना खेळाडू बावर याने त्याचा खेळ आफ्रिकेत पाहिला होता. बेनफिका संघाचे शिक्षक बेला गुट्मन यांची आणि बावरची लिस्बनमधील एका केशकर्तनालयात गाठ पडली, तेव्हा बावरने या मुलाची तोंड भरून स्तुती केली, असे सांगतात.

१९६० च्या डिसेंबर महिन्यात, अठरा वर्षे पूर्ण झाली असताना, युसेबियो लिस्बनला आला. परका देश, परकी माणसे आणि अंगाला न सोसणारी थंडी! मात्र बेनफिका संघात मारियो कोलुना हा मोझांबिकचाच एक ज्येष्ठ खेळाडू होता. ‘माझ्या मुलाला सांभाळा,’ अशा अर्थाची चिठ्ठी युसेबियोच्या आईने कोलुनाच्या नावे दिली होती, असे म्हणतात. कोलुनाने थोरल्या भावाप्रमाणे त्याला जवळ केले. युसेबियोवर लिस्बनमधील दोन संघांनी आपला हक्क सांगितल्यामुळे काही महिने त्याला सामन्यांत खेळताच आले नाही. अखेर १९६१ च्या मे महिन्यात तो बेनफिकाच्या वतीने मैदानात उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले.

पुढच्याच महिन्यात पॅरिस येथे बेनफिकाचा सामना ब्राझीलच्या सांतोस संघाशी झाला. सांतोसकडून जगप्रसिद्ध पेले खेळत होता. बेनफिका मोठ्या फरकाने मागे पडला असताना युसेबियोला बदली खेळाडू म्हणून मैदानात पाठवण्यात आले. त्याने थोड्या वेळातच तीन गोल केले. सामना सांतोसनेच ६-३ असा जिंकला; परंतु प्रेक्षक घरी गेले ते या नव्या मुलाचे नाव विचारीतच.

२ मे १९६२ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. बेनफिकाची गाठ स्पेनच्या रिआल माद्रिद या बलाढ्य संघाशी होती. त्या संघात पुश्काश आणि दि स्तेफानो हे दोन महान खेळाडू होते. एकट्या पुश्काशने मध्यंतरापूर्वीच तीन गोल केले. मध्यंतरानंतर कोलुनाने बरोबरी साधून दिली आणि मग वीस वर्षांच्या युसेबियोने पाठोपाठ दोन गोल केले. बेनफिकाने सामना ५-३ असा जिंकला. दि स्तेफानो हे युसेबियोचे लहानपणापासूनचे दैवत होते. सामना संपल्यावर त्याला हवा होता तो त्यांचा सदरा! तो सदरा त्याला मिळाला आणि विजयचषकाइतकाच त्याने तो जपला. ज्याला हरवले, त्याच्याविषयीचा आदर त्याच्या मनातून तसूभरही कमी झाला नव्हता.

युसेबियोच्या खेळाचे रहस्य कशात होते? पहिली गोष्ट म्हणजे त्याची गती. चेंडू पायाशी असताना बहुतेक खेळाडूंचा वेग मंदावतो. युसेबियो मात्र चेंडूसह भरधाव धावू शके. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या उजव्या पायाचा फटका. तो पाय फार मागे न घेता, धावण्याच्या ओघातच चेंडू मारीत असे. त्यामुळे फटका केव्हा येणार, याचा गोलरक्षकाला अंदाजच येत नसे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्याची चिकाटी. या तिसऱ्या गुणाची खरी कसोटी १९६६ साली इंग्लंडमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत लागली.

पोर्तुगालचा संघ जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेऱ्यांत प्रथमच खेळत होता. त्या संघाचे नेतृत्व कोलुनाकडे होते. युसेबियो आणि कोलुना यांच्याखेरीज व्हिसेन्ते आणि इलारियो हे आणखी दोन खेळाडूही मोझांबिकमध्येच जन्मले होते. पोर्तुगालने हंगेरी, बल्गेरिया आणि दोन वेळचा जगज्जेता ब्राझील यांना ओळीने हरवले. २३ जुलै रोजी लिव्हरपूल येथे त्यांची गाठ उत्तर कोरियाशी पडली. हा सामना आपण सहज जिंकू, असे पोर्तुगालच्या पाठीराख्यांना वाटत होते. परंतु घडले भलतेच! पहिल्याच मिनिटात कोरियाने गोल केला आणि पंचवीस मिनिटे होतात न होतात तोच कोरियाचे तीन गोल झाले होते. पोर्तुगालच्या नावावर एकही नव्हता.

तीन गोलांनी मागे पडलेला संघ बहुधा मनानेच हरतो. पण थोड्याच वेळात युसेबियोने पोर्तुगालचा पहिला गोल केला. गोल झाला की खेळाडू आनंदाने हात उंचावतात, एकमेकांना मिठ्या मारतात. युसेबियोने काय केले? तो थेट जाळ्याकडे गेला, त्याने चेंडू उचलला आणि तो घेऊन मैदानाच्या मध्याकडे धाव घेतली. आनंद करण्यात एक क्षणही घालवण्याची त्याची तयारी नव्हती. अजून पुष्कळ काम बाकी होते!

मध्यंतरापूर्वी त्याने पेनल्टीवर दुसरा गोल केला. मध्यंतरानंतर तिसरा झाला आणि संघाने बरोबरी साधली. मग चेंडू घेऊन तो डाव्या बाजूने वाऱ्यासारखा निघाला. त्याला कसे थोपवावे, हे कोरियाच्या खेळाडूंना कळेना. अखेर त्यांनी त्याला पाडले. पंचांनी पेनल्टी दिली. पायाला मार लागलेला असूनही युसेबियो उठला आणि त्याने स्वतःच तो फटका मारून चौथा गोल केला. पुढे जोसे ऑगुस्तो याने पाचवा गोल केला आणि पोर्तुगालने सामना ५-३ असा जिंकला. एका माणसाने धीर सोडला नाही, म्हणून अकरा जणांचा धीर टिकून राहिला.

उपांत्य सामना वेम्बलीवर यजमान इंग्लंडशी झाला. बॉबी चार्लटनने इंग्लंडसाठी दोन गोल केले. शेवटची काही मिनिटे उरली असताना युसेबियोने पेनल्टीवर एक गोल फेडला. त्या स्पर्धेत इंग्लंडवर झालेला तो पहिला गोल होता. पण वेळ संपली आणि पोर्तुगाल १-२ असा हरला. मैदानातून बाहेर पडताना युसेबियोला अश्रू आवरेनात. हजारो लोकांसमोर तो लहान मुलासारखा रडला. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. ज्याने जीव ओतून खेळ केला, त्यालाच असे रडू येते. दोनच दिवसांनी तिसऱ्या क्रमांकासाठी रशियाच्या संघाशी सामना झाला. डोळे पुसून युसेबियो पुन्हा उभा राहिला, त्याने गोल केला आणि पोर्तुगाल जिंकला. त्या स्पर्धेत त्याचे नऊ गोल झाले. इतके गोल दुसऱ्या कोणीही केले नव्हते.

आता आपण पुन्हा वेम्बलीच्या त्या रात्रीकडे वळू. त्याच मैदानावर १९६३ साली बेनफिका युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना हरला होता. १९६५ साली मिलान येथेही तेच झाले. १९६६ मध्ये याच वेम्बलीवर पोर्तुगालचे जगज्जेतेपदाचे स्वप्न भंगले. १९६८ च्या त्या शेवटच्या मिनिटांत युसेबियोचा चेंडू जाळ्यात गेला असता, तर या सर्व पराभवांची भरपाई झाली असती. समोरचा संघही दुःखातूनच वर आला होता. दहा वर्षांपूर्वी, १९५८ च्या फेब्रुवारीत, म्युनिक येथे विमान कोसळून मँचेस्टरचे आठ खेळाडू मरण पावले होते. त्या अपघातातून वाचलेला बॉबी चार्लटन त्या रात्री मैदानात होता. युसेबियोचा तो फटका अडवला गेल्यावर सामना जादा वेळेत गेला. मँचेस्टरने आणखी तीन गोल केले आणि ४-१ असा विजय मिळवला. स्टेपनीने अडवलेला तो एक चेंडू बेनफिकाला किती महाग पडला, हे यावरून दिसते. आणि त्याच चेंडूसाठी युसेबियोने टाळ्या वाजवल्या होत्या! हरल्यानंतर प्रतिपक्षाशी हस्तांदोलन करणे हा शिष्टाचार आहे. परंतु सामना रंगात असताना, जयपराजय अजून ठरावयाचा असताना, प्रतिस्पर्ध्याचे कौतुक करणे याला फार मोठे मन लागते.

बेनफिकाकडून युसेबियो १९७५ पर्यंत, म्हणजे पंधरा हंगाम, खेळला. तेवढ्या काळात बेनफिकाने पोर्तुगालचे अजिंक्यपद अकरा वेळा मिळवले. त्याने संघासाठी ४७३ गोल केले. देशासाठी ६४ सामन्यांत त्याच्या नावावर ४१ गोल आहेत. १९६५ साली युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याचा गौरव झाला. आफ्रिकेत जन्मलेल्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळत होता. परंतु हे यश फुकट मिळाले नव्हते. त्याला अडवणे जमत नसे, तेव्हा प्रतिस्पर्धी त्याच्या पायांवर घाव घालीत. त्याच्या गुडघ्यांवर वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. पुष्कळदा तो वेदना सोसूनच मैदानात उतरे.

त्याच्या जीवनात आणखीही एक कठीण गोष्ट होती. ज्या देशासाठी तो खेळत होता, तोच देश त्याच्या जन्मभूमीवर राज्य करीत होता. १९६४ पासून मोझांबिकमधील लोक स्वातंत्र्यासाठी लढत होते आणि पोर्तुगालचे सत्ताधारी मात्र युसेबियोचे यश मोठ्या अभिमानाने जगाला दाखवीत होते. इटलीतील मोठ्या संघांना तो हवा होता. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने त्याला ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरवून परदेशी जाऊ दिले नाही, असे सांगतात. ठेवा म्हणून जपले जाणे हा सन्मान खरा. परंतु ठेव्याला स्वतःची इच्छा नसते, माणसाला असते! २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. पुढे लोरेंसो मार्किस या शहराचे नाव मापुतो असे झाले. त्याच वर्षी युसेबियोने बेनफिका सोडला आणि तो अमेरिकेत खेळू लागला. पुढे तो लिस्बनलाच परतला आणि तेथेच स्थायिक झाला. मोझांबिक आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांत त्याला आपला मानणारी माणसे होती.

५ जानेवारी २०१४ रोजी लिस्बन येथे युसेबियोचे निधन झाले. पोर्तुगालने तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची शवपेटी बेनफिकाच्या क्रीडांगणातून फिरवण्यात आली. एका आठवड्याने त्याच क्रीडांगणावर बेनफिकाचा सामना झाला, तेव्हा संघातील प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर एकच नाव होते – युसेबियो! पुढील वर्षी, ३ जुलै २०१५ रोजी, त्याचे अवशेष पोर्तुगालच्या राष्ट्रीय स्मारकमंदिरात नेण्यात आले. त्या मंदिरात राष्ट्राध्यक्ष आणि थोर साहित्यिक चिरनिद्रा घेत आहेत. त्यांच्या शेजारी जागा मिळालेला युसेबियो हा पहिला फुटबॉलपटू होय. पत्र्याच्या घरात जन्मलेला आणि कागदाच्या चेंडूने खेळलेला मुलगा तेथवर पोहोचला.

त्याच्यानंतर आफ्रिकेतील कितीतरी तरुण युरोपातील मैदाने गाजवू लागले. लायबेरियाचा जॉर्ज वेआ याला १९९५ साली युसेबियोप्रमाणेच सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान मिळाला. आज ही गोष्ट कोणाला नवलाची वाटत नाही. ही वाट ज्यांनी आपल्या पायांनी प्रथम रुळवली, त्यांत युसेबियोचे नाव अग्रभागी आहे.

गोलांचे विक्रम कायम टिकत नाहीत. पोर्तुगालसाठी केलेल्या ४१ गोलांचा त्याचा विक्रम २००५ साली मोडला गेला आणि पुढे तो नवा विक्रमही मागे पडला. परंतु जाळ्यातून चेंडू उचलून मध्याकडे धावणारा युसेबियो आणि आपला चेंडू अडवणाऱ्या गोलरक्षकासाठी टाळ्या वाजवणारा युसेबियो लोकांच्या स्मरणातून गेलेला नाही. मुलांनो, तुम्हीही शाळेच्या मैदानावर खेळता. कधी तुमचा नेमका फटका समोरचा मुलगा शर्थीने अडवील आणि तुमच्या मनात राग उसळेल. त्या वेळी वेम्बलीच्या मैदानावर क्षणभर थांबलेल्या या खेळाडूची आठवण करा. टाळी वाजवून झाल्यावर मात्र पुन्हा चेंडूमागे धावा; कारण युसेबियोनेही तेच केले होते.